कानाला सोसेल असा इअरफोन

ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्या शब्दन्‌शब्द लिहून काढणं हे माझं काम. गिरणी कामगार, म्हातारे शेतकरी, तमाशातल्या कलावंत बायका मनमोकळं बोलतात. मग ते बोलणं कुणीतरी कागदावर उतरवावं लागतं. तासाभराच्या मुलाखतीला चार-पाच तास सहज जातात, कारण पुटपुटलेला एकेक शब्द पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. तेवढा वेळ कानात किंवा कानावर काहीतरी असतंच. आणि माझे कान नाजूक. खोटं कानातलं घातलं की पाळीला पाणी सुटतं, गार वारं लागलं की ठणका सुरू होतो. नाजूक कानांची माणसं बरीच असतात, पण ती गुपचूप सोसतात किंवा ऐकणंच सोडून देतात. दोन्हीची गरज नाही, म्हणून हे लिहिते आहे.

१. दुखतं कुठे, ते बोट ठेवून सांगता आलं पाहिजे

‘इअरफोनने कान दुखतात’ एवढ्याच माहितीवर दुसरा इअरफोन घेतला, तर तोही दुखण्याचीच शक्यता जास्त. दुखणाऱ्या जागा ढोबळपणे चार. एक, कानाच्या नळीच्या तोंडाशी किंवा किंचित आत. दोन, नळीबाहेरच्या वाटीसारख्या खोलगट भागात. तिथे इअरफोनचं कडक प्लास्टिक टेकतं. तीन, कानाच्या मागे आणि वर, आकडा किंवा चष्म्याची काडी जिथे रुतते तिथे. चार, अख्खा कान डोक्यावर दाबला गेल्यासारखा.

जागेइतकीच वेळही महत्त्वाची. घातल्या घातल्या टोचलं तर आकार चुकलेला असतो. तासाभराने दुखायला लागलं तर तो दाबाचा किंवा वजनाचा त्रास. काढल्यानंतर रात्री किंवा दुसऱ्या दिवशी खाज सुटली तर कातडीची तक्रार आहे. तिथे आकार बदलून काही होणार नाही.

नळीच्या आत एवढं का दुखतं, हे कळल्यावर माझी निवड बरीच सोपी झाली. मोठ्या माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ नसते, हलक्या वळणाची असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे थोडा लवणारा. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा, आणि त्या हाडावरची त्वचा अतिशय पातळ. इअरफोनचं टोक त्या भागापर्यंत पोचलं की दुखणारच. तिथे सहनशक्तीचा प्रश्न येत नाही. काही जणांना कानात काही घातलं की खोकल्याची उबळ येते, कारण व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक बारीक शाखा कानाच्या नळीत येते. हा खोकला खरा असतो. अशा माणसाला कुणी ‘नाटकं करू नकोस’ म्हणू नये.

२. दोन कान सारखे धरू नयेत

माझी डावी नळी उजवीपेक्षा अरुंद आहे. उजवीकडे मधल्या मापाचं रबर, डावीकडे लहान. एवढ्याने अर्धा त्रास गेला. खोक्यात दोन्ही बाजूंना एकाच मापाची रबरं चढवलेली येतात, म्हणून ती तशीच वापरायची असं आपण धरून चालतो. श्रवणयंत्राचे साचे घेणारे लोक दोन्ही कानांचे वेगवेगळे साचे घेतात, ते उगाच नाही.

३. लहान कानाला लहान रबर, हे दर वेळी खरं नाही

टोचतंय म्हणून सगळ्यात लहान रबर घातलं, तर कधीकधी जास्तच टोचतं. लहान रबर आत सरकतं आणि त्याच्या मागची कडक नळी कानाच्या तोंडावर घासत राहते. त्यापेक्षा थोडं मोठं, पण आखूड आणि मऊ रबर तोंडाशीच अडतं आणि आत जात नाही. म्हणून रबराचं माप पाहताना त्याची लांबी, आणि इअरफोनच्या टोकाची जाडीही पाहावी. टोकच जाड असेल तर कितीही रबरं बदलली तरी फारसा फरक पडत नाही.

कंपन्यांनाही हे हळूहळू उमगलं. ॲपलचे एअरपॉड्स प्रो २०१९ मध्ये आले तेव्हा सोबत रबराची तीनच मापं होती. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याहून लहान असं चौथं माप आलं. अरुंद नळीच्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे, आणि त्याआधीची तीन वर्षं कितीतरी जणांनी आपलाच कान विचित्र आहे असं मानून काढली असतील.

फोमची टिप माझ्या कानाला सिलिकॉनपेक्षा मानवते. चिमटीत दाबून बारीक करायची, कानात सरकवायची आणि ती फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. दाब सगळीकडे सारखा पडतो. पण फोम घाम पितो, नीट धुता येत नाही आणि काही महिन्यांत बदलावा लागतो. हा खर्च आधीच धरावा.

नळीत काहीच सोसत नसेल, तर जुन्या पद्धतीचे वाटीत बसणारे चपटे इअरफोन अजून मिळतात, आणि त्यांच्यावर चढवायच्या स्पंजच्या टोप्याही. अगदी स्वस्त वस्तू आहे. प्लास्टिकची कड बोथट होते, पकड येते, आणि मग ते जोर करून आत ढकलावे लागत नाहीत.

४. दडे बसणं हे दुखणं नव्हे, पण तेही छळतं

कान दुखत नाही, तरी दहा मिनिटांत काढून टाकावंसं वाटतं. आपलाच आवाज डोक्यात घुमतो, शेंगदाणा चावला तरी धडधड ऐकू येते. आपण बोलतो किंवा चावतो तेव्हा जबड्याच्या हाडातून कंप कानाच्या नळीत उतरतात. एरवी त्यातले खर्जाचे आवाज उघड्या कानावाटे निघून जातात. नळीचं तोंड बंद केलं की आतच कोंडतात. यावर हवेला वाट असलेला, म्हणजे बारीक छिद्रं ठेवलेला किंवा कान पुरता न बुजवणारा इअरफोन घ्यावा.

बाहेरचा गोंगाट कापणारी यंत्रणा चालू केली की काहींना विमानात बसल्यासारखा दाब जाणवतो. हवेचा दाब प्रत्यक्षात वाढलेला नसतो, पण जाणवणं खरं असतं. बहुतेक ॲपमध्ये ही यंत्रणा कमी किंवा बंद करता येते. ते करून पाहिल्याशिवाय महागडी वस्तू परत करू नये.

हाडावाटे आवाज पोचवणारे हेडफोनही आता सर्रास मिळतात. शॉक्झचा ओपनरन साधारण २६ ग्रॅमचा आहे. कान पूर्ण मोकळा राहतो, दडे बसत नाहीत. शांत खोलीत माणसाचं बोलणं ऐकायला ते मला फार आवडतात. पण मोठ्या आवाजात, विशेषतः खर्जात, कानशिलाजवळ गुदगुल्या होतात. आणि लोकलमध्ये त्यांचा उपयोग नाही: बाहेरचा सगळा खडखडाट उघड्या कानात येतो, आणि मग हात आपोआप आवाज वाढवायला जातो.

५. मोठ्या हेडफोनची परीक्षा कुड्या आणि चष्मा घालूनच करावी

कानात काही नको असलेल्यांना सगळे जण सांगतात, कान झाकणारा हेडफोन घे. सल्ला चांगला, पण अपुरा.

पहिली गोष्ट वजन. चांगल्या चालणाऱ्या बिनतारी हेडफोनचं वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास असतं, एअरपॉड्स मॅक्सचं तर ३८५ ग्रॅमच्या घरात. दुकानात दोन मिनिटांत ते कळत नाही. दुपारपर्यंत टाळू आणि मान सांगते. दुसरी गोष्ट पकड. नवा हेडफोन दोन्ही बाजूंनी आवळतो. धातूची पट्टी असेल तर रात्रभर तो पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला की थोडा सैल होतो. निव्वळ प्लास्टिकच्या पट्टीवर हा प्रयोग करू नये, ती तडकते.

तिसरी गोष्ट गादी, आणि इथे जास्त बारकाईने पाहावं. गादीने कानाला वळसा घातला पाहिजे, कानावर बसता कामा नये. कानावर बसणारा छोटा हेडफोन पाळी डोक्यावर दाबतो, आणि कुड्यांची फिरकी मागच्या हाडात रुतते. बुगडी असेल तर वरची कड आधी दुखते. गादीची खोलीही पाहावी: कानाचा सर्वांत पुढे आलेला भाग आतल्या जाळीला टेकत असेल तर अर्ध्या तासात तिथे आग होते. चष्म्याच्या जाड काडीवर गादी दाबली गेली तर कानशील दुखतं आणि फटीतून आवाजही गळतो. पातळ काडीचा चष्मा कामासाठी वेगळा ठेवणं हा वायफळ खर्च नाही.

कापडाचीही निवड आहे. चामड्यासारखं दिसणारं कृत्रिम आवरण आपल्या दमट हवेत घामेजतं आणि एखाद-दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडायला लागतं. मखमली किंवा स्पंजची गादी कानाला मोकळं ठेवते. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा मागून उघडा असलेला हेडफोन आणला. त्याच्या पिवळ्या स्पंजच्या गाद्या आजही लोकांच्या लक्षात आहेत. उघड्या हेडफोनमधला आवाज शेजाऱ्याला ऐकू जातो हे खरं, पण घरी एकट्याने बसून काम करणाऱ्याच्या नाजूक कानाला त्याच्याइतकं सुखाचं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

६. पावसाळ्यात कानाला कोरडं ठेवावं

कानात बुरशी होणं हा दमट हवेतला नेहमीचा आजार आहे. ओली नळी, वर घट्ट बसलेलं रबर, आत कोंडलेली ऊब: बुरशीला आणखी काय लागतं? नाहून आल्यावर लगेच इअरफोन घालू नये. रबरं काढून साबणाच्या पाण्याने धुवावीत आणि पूर्ण वाळल्यावरच चढवावीत. जाळीवर पाणी न घालता मऊ कोरडा ब्रश फिरवावा. दुसऱ्याचा इअरफोन मागू नये, आपला देऊ नये, भावंडांतही नाही.

कानातला मळ आपणहून बाहेर सरकत असतो. इअरफोन त्याची वाट अडवतो, आणि कानकोरणं किंवा कापसाची काडी त्याला आणखी आत लोटते. घरातली वडीलधारी माणसं प्रेमाने कोमट तेल घालायला सांगतात. बुरशी असेल तर तेलाने ती बळावते, म्हणून कानाचे डॉक्टर याला ठाम नकार देतात. कान वाहत असेल, पाळी ओढल्यावर कळ येत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर इअरफोन बाजूला ठेवून आधी कान तपासून घ्यावा.

खोट्या दागिन्यांनी कान पिकणाऱ्यांना बहुधा निकेलची ॲलर्जी असते. त्यांनी कानाला टेकणारा भाग धातूचा असलेले इअरफोन टाळावेत.

७. आवाज कमी ठेवता येईल तोच इअरफोन आरामाचा

नीट न बसणारा इअरफोन बाहेरचा आवाज आत सोडतो, आणि आपण भरपाई म्हणून आवाज वाढवतो. म्हणून नीट बसणं हा सुखाइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावं, मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. हा हिशेब समजल्यापासून मुलाखत घेणाऱ्यांना मी आधीच सांगते, रेकॉर्डर बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा, पंखा बंद करा. मूळ आवाज स्वच्छ असला की मला तो वाढवावा लागत नाही.

भांडं पडल्याचा किंवा खुर्ची सरकल्याचा साधा आवाजही वेदना देत असेल, तर हा प्रश्न खरेदीचा नाही. श्रवणतज्ज्ञाकडे जावं. भीतीपोटी दिवसभर कानात बोळे घालून बसू नये. शांततेची सवय लागली की कान आवाजाला आणखी बिचकतो.

८. साचा घेऊन करवून घेणं हा शेवटचा, पण चांगला उपाय

श्रवणयंत्रं बसवणारे श्रवणतज्ज्ञ कानाचा साचा घेतात. आधी दुर्बिणीतून कान पाहतात, मग दोरा बांधलेला स्पंजचा छोटा तुकडा आत ठेवतात, म्हणजे मिश्रण पडद्यापर्यंत जात नाही. नंतर पिचकारीने मऊ सिलिकॉन भरतात. काही मिनिटांत ते घट्ट होतं. दुखत नाही, फक्त गार आणि भरल्यासारखं वाटतं. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो, म्हणून तोंड उघडून आणि मिटून कसं वाटतं तेही विचारून घ्यावं. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणदोषांवर काम करते. पण साच्यासाठी मोठ्या शहरातच जावं लागतं असं नाही, बऱ्याच तालुक्यांच्या गावी आता श्रवणयंत्रांची केंद्रं आहेत.

९. दुकानात घाई करू नये

कानात जाणारी वस्तू एकदा उघडली की बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. म्हणून पैसे देण्याआधी परत घेण्याची अट विचारावी. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात हाँगकाँग लेनला गेलात तर आपली धुतलेली रबरं डबीत घालून न्यावीत आणि नमुन्याच्या इअरफोनवर तीच चढवून पाहावीत. घातल्यावर जांभई द्यावी, काहीतरी चावावं, मान दोन्हीकडे वळवावी. वायर असेल तर ती कानावरून मागे घ्यावी. म्हणजे ओढ नळीवर न येता कानावर येते.

१०. एकाच जागेला दिवसभर राबवू नये

सकाळी मी उघडा हेडफोन वापरते, दुपारी हाडावाटे ऐकवणारा, आणि प्रवासात तेवढी फोमची टिप. दाबाची जागा बदलत राहिली की कुठलीच जागा ठणक्यापर्यंत पोचत नाही. घरात कुणी झोपलेलं नसेल तेव्हा टेबलावरचा छोटा स्पीकर लावते. तेव्हा खानदेशातल्या एखाद्या आजीचं बोलणं घरभर ऐकू येतं, आणि मला न लागलेला शब्द कधीकधी स्वयंपाकघरातून सासूबाई सांगतात.