‘बघू’ला जपानीत काय म्हणतात?

प्रश्न : चाकणच्या एका पुरवठादार कंपनीत मी क्वालिटी बघतो. आमचं मोठं गिऱ्हाईक जपानी आहे. तीन महिन्यांनी त्यांची माणसं ऑडिटला येणार आहेत. परवा चहा पिता पिता आमच्या साहेबांनी फर्मान काढलं, ‘‘तू जपानी शिकून घे.’’ माझं वय छत्तीस, इंग्रजीसुद्धा कामापुरतं. तीन महिन्यांत कितपत जमेल? आणि मराठी माणसाला जपानी सोपं जातं म्हणतात, ते खरं की क्लासवाल्यांची जाहिरात?
— एक वाचक, चाकण

उत्तर : दोन्ही. वाक्य जुळवणं आपल्याला खरंच सोपं जातं. अडतं ते, वाक्य कुणापुढे आणि कुणाच्या वतीनं बोलायचं तिथे, आणि ते जाहिरातीत छापत नाहीत. तीन महिन्यांत ऑडिटची चर्चा तुम्ही जपानीत करू शकणार नाही, तो नाद सोडा. तारीख, आकडा आणि समोरच्याच्या ‘हो’चा अर्थ चुकणार नाही एवढी तयारी मात्र होईल. तुमच्या धंद्यात भानगडी होतात त्या बहुतेक या तीन ठिकाणीच.

आधी फुकटात मिळणारं पदरात पाडून घेऊ. ‘कोरे वा काबान देस का.’ कोरे म्हणजे हे, काबान म्हणजे बॅग, देस म्हणजे आहे, आणि का म्हणजे चक्क का. ‘ही बॅग आहे का?’ ‘आत्सुइ देस ने’ म्हणजे ‘उकडतंय ना’. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत, आणि बसने यायचं तर ‘बासु दे’. शब्दांची रांगही आपलीच, क्रियापद शेवटी. का आणि ने हा निव्वळ योगायोग आहे, त्यावरून कुणी नातं जुळवायला निघालं तर ऐकू नका. पण इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला जे वाक्य उलटं करून बसवावं लागतं, ते तुम्हाला सुलटंच मिळतं.

खरी मजा क्रियापदांत आहे. ‘शिते मिमास’ म्हणजे करून बघतो. ‘शिते ओकिमास’ म्हणजे करून ठेवतो. यातलं ‘मिरु’ म्हणजे खरोखर बघणे आणि ‘ओकु’ म्हणजे खरोखर ठेवणे. ‘वासुरेते शिमाइमाश्ता’ म्हणजे विसरून बसलो, त्यातल्या ‘बसलो’च्या चुटपुटीसकट. ‘विसरलो’ आणि ‘विसरून बसलो’ यातला फरक इंग्रजीत सांगायला मला नेहमी दोन वाक्यं लागतात. तुम्हाला तो समजावून सांगायचीही गरज नाही.

उच्चारातही आपली एक सोय आहे. जपानी ‘त्सु’पाशी बरेच जण अडखळतात. तुम्ही ‘चूल’मधला च घ्या, स्वर आखूड करा, झालं. ‘चि’ हवा तर तो ‘चिमणी’तला. दोन्ही च आपल्याकडे जन्मापासून आहेत. म्हणून सुरुवातीला उच्चार टिपून घ्यायचेच तर देवनागरीत टिपा, रोमनच्या वाटेला जाऊ नका. फक्त ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. आपल्याला ते शुद्धलेखनाचे मार्क कापण्यापुरतेच माहीत असतात. बोलताना ‘पाणि’ म्हटलं काय आणि ‘पाणी’ म्हटलं काय, तहान भागते. जपानीत ‘शुजिन’ म्हणजे नवरा आणि ‘शूजिन’ म्हणजे कैदी.

हिरागाना लिपी उघडलीत की आणखी एक ओळख पटेल, आणि ही मात्र योगायोगाची नाही. तक्त्याचा क्रम आहे आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही आपलीच वर्णमाला. बौद्ध मंत्र संस्कृतात, ते लिहायचे सिद्धम् लिपीत, म्हणून जपानी भिक्षू ती लिपी शिकत. कूकाई हा भिक्षू ८०६ साली चीनहून परतला तेव्हा ही विद्या बरोबर घेऊन आला, आणि त्यानं वसवलेलं कोयासान हे पुढे तिचं मोठं केंद्र झालं. (त्याच कोयासानच्या विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला.) त्या अभ्यासातून आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर जपानी अक्षरांचा क्रम अकराव्या शतकाच्या सुमारास बसला. मग च-वर्गाच्या जागी सा आणि प-वर्गाच्या जागी हा कसा, असं तुमच्यातला क्वालिटीवाला विचारेल. जुन्या जपानीत त्या जागचे उच्चार च आणि प यांच्याजवळचेच होते. पुढे उच्चार घसरले, जागा तीच राहिली. ऑडिटला याचा काडीचा उपयोग नाही, पण ४६ अक्षरं पाठ करताना घशाखाली उतरायला बरं पडतं.

आता तारखा. इथे मी स्वतः आपटलो आहे. दुभाषा म्हणून कामाला लागलो त्या पहिल्याच वर्षी एका कारखान्यात नमुने कधी हवेत यावर बोलणं चाललं होतं. पाहुणे म्हणाले ‘योओका’, मी ऐकलं ‘योक्का’. योक्का म्हणजे चार तारीख, योओका म्हणजे आठ. मी बिनधास्त ‘चार’ सांगितलं. कारखान्यातल्या लोकांनी रविवारची सुट्टी मोडून माल काढला, चारला सकाळी टेम्पो पाहुण्यांच्या दारात उभा केला, आणि तिथे उतरवून घ्यायला कुणी नव्हतं. शॉप फ्लोअरवरची मंडळी पुढे कितीतरी दिवस मला ‘काय योक्का’ म्हणून हाक मारत. तेव्हापासून तारखेबरोबर वार म्हटल्याशिवाय मी पुढे सरकत नाही : ‘योक्का, मोकुयोओबि देस ने’, चार तारीख, गुरुवार ना? वार चुकला की समोरचा लगेच थांबवतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर हा बोलण्यातला पोका-योके, चूक होण्याआधीच अडवणारी युक्ती. शेवटी आकडा कागदावर लिहून दाखवा, त्यात कमीपणा नाही. जपानी माणसंसुद्धा ‘इचि’ म्हणजे एक आणि ‘शिचि’ म्हणजे सात यांची गफलत टाळायला सातला ‘नाना’ म्हणतात.

पैशांचंही तसंच. त्यांची मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यानं चालते, त्या गठ्ठ्याला ‘मान’ म्हणतात. आपला एक लाख म्हणजे दहा मान, एक कोटी म्हणजे हजार मान, दहा कोटी झाले की ‘ओकु’. पंचवीस लाखांचं कोटेशन ‘दोनशे पन्नास मान’ होतं. मनातल्या मनात शून्यं सरकवत बसण्यापेक्षा तुमच्या कामात येणाऱ्या आठ-दहा रकमांचा तक्ता करून डायरीत चिकटवा.

आता ‘हो’. तुम्ही बोलत असताना पाहुणे सारखे ‘हाय, हाय’ म्हणतील. आमचे प्रोसेस शीटचे बदल मान्य झाले, असं समजून साहेबांना मेसेज टाकू नका. तो होकार नव्हे, हुंकार आहे. आजी गोष्ट सांगताना आपण ‘हं… हं…’ करायचो तो. जपानीत या हुंकाराला ‘आइझुचि’ म्हणतात, आणि शब्द आलाय लोहाराच्या शाळेतून : उस्ताद एक घाव घालतो, चेला पाठोपाठ दुसरा, त्या आळीपाळीच्या घणाला हे नाव. तुम्हीही तो द्यायचा असतो. गप्प बसून एकाग्रतेनं ऐकलंत तर त्यांना वाटेल, याला काही कळत नाहीये.

नकार ओळखायला मात्र मराठी माणसाला शिकवणी लागू नये. ‘चोत्तो मुझुकाशिइ देस’, म्हणजे ‘जरा अवघड आहे’. ‘केन्तोओ शिमास’, म्हणजे ‘विचार करतो’. आपल्याकडे मुलीकडच्यांना ‘कळवतो’ म्हणून निरोप जातो किंवा उसने मागणाऱ्याला ‘बघू’ म्हणतात, तीच जातकुळी. कधी ते खरोखर विचार करतातही, पण तुम्ही नकार धरून चाला आणि ‘कुठे अवघड वाटतंय?’ एवढं विचारा. इंग्रजीत मीटिंग चालली की हीच वाक्यं शब्दशः भाषांतर होऊन येतात आणि आपण आशेवर राहतो. जपानी येण्याचा फायदा मला विचाराल तर तो इथे आहे, बोलण्यात नाही.

मराठी आडवी येते ती मानाच्या बाबतीत. फोनवर बाहेरच्या माणसानं विचारलं तर आपण म्हणू, ‘‘देशपांडे साहेब मीटिंगमध्ये आहेत.’’ जपानीत बाहेरच्यापुढे आपलं ऑफिस म्हणजे घर, आणि घरच्याला मान द्यायचा नसतो. तिथे म्हणायचं नुसतं ‘देशपांडे’. नावामागे मानाचं ‘सान’ नाही, हुद्दा पुढे लावून मोठेपणा नाही, क्रियापदही नम्रतेचं. ‘देशपांडे वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमास’, देशपांडे आत्ता जागेवर नाही. साहेब शेजारी उभे असताना हे उच्चारायला आपली जीभ रेटत नाही, मला अजूनही क्षणभर थांबावं लागतं. तेव्हा ऑडिटच्या आधी साहेबांना ही कल्पना देऊन ठेवा. (‘शिते ओकिमास’ ते हेच.) उलट पाहुण्यांच्या शिकाऊ पोरालाही ‘सान’ लावायचं. आणि स्वतःच्या नावाला ‘सान’ कधीही नाही. नवशिके हमखास इथे घसरतात.

ही नम्रता आपल्याला अगदीच परकी नाही. ‘गरिबाची भाजीभाकरी गोड मानून घ्या’ म्हणणाऱ्याच्या ताटात पुरणपोळी असते, हे आपण जाणतोच. धंद्याच्या पत्राची जपानी सुरुवात ठरलेली : ‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमास’, नेहमीच आपल्याकडून आमची काळजी घेतली जाते. यातली ‘सेवा’ आपली नव्हे, उच्चार जुळला इतकंच. पण वाक्याचं काम आपल्या जुन्या पत्रांतल्या ‘सा. न. वि. वि.’चंच. अर्थ लावत बसू नका, पाठ करा आणि प्रत्येक मेलवर चिकटवा. शेवटी ‘योरोशिकु ओनेगाइ इताशिमास’. चूक झाली तर ‘सुमिमासेन’वर भागवू नका, ते गर्दीत धक्का लागल्यावर ठीक, गिऱ्हाइकापुढे ‘मोओशिवाके गोझाइमासेन’. आणि त्यांच्या तोंडी ‘कुरेएमु’ आलं तर ते इंग्रजी ‘क्लेम’ असलं तरी पैशांचा दावा नव्हे, मालाबद्दलची तक्रार आहे. हा शब्द तुम्हाला पहिल्याच दिवशी लागेल.

अभ्यासाचं थोडक्यात. ‘मिन्ना नो निहोंगो’ हे पाठ्यपुस्तक घ्या. ते ‘मास’ आणि ‘देस’च्या सभ्य रूपांनी सुरू होतं, ऑफिसात तीच लागतात. ॲनिमे बघून शिकलेली भाषा मीटिंगला आणू नका, ती गल्लीत पोरांनी एकमेकांना ‘अबे’ म्हणावं तशी आहे. दोन आठवड्यांत हिरागाना, पुढच्या दोन आठवड्यांत काताकाना ही दुसरी लिपी, कारण यंत्रांची आणि मालाची परदेशी नावं काताकानात असतात. कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, या खेपेला सोडून द्या. रोजच्या वापराची म्हणून सरकारनं ठरवलेलीच २१३६ आहेत. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत खालची पायरी एन-५, ती पुण्यातही होते, जरूर द्या. पण तिच्यात बोलायला लावत नाहीत, तेव्हा सर्टिफिकेट मिळालं म्हणून तोंड उघडेल असं नाही. त्यापेक्षा रोज गाडीत बसून कंपनीत पोचेपर्यंत आजची तारीख, वार आणि लाइनवरचे आकडे मोठ्यानं म्हणा. शेजारचा सीटवाला आठवड्यात सरावतो.

राहता राहिलं व्हिजिटिंग कार्ड. दोन्ही हातांनी द्या, त्यांचं मिळालं की खिशात कोंबू नका, मीटिंगभर समोर टेबलावर राहू द्या. मागच्या बाजूला आपलं नाव काताकानात छापून घ्या, पण छापण्याआधी जाणकाराला दाखवा. जपानीत ळ नाही, ल नाही, जोडाक्षरं फुटतात. कुलकर्णींचे ‘कुरुकारुनि’ होतात, त्याला इलाज नाही. काळे असाल तर दीर्घाची रेघ ‘का’नंतर घ्या, ‘रे’नंतर नको. ‘कारेए’ म्हणजे भातावर ओतायची करी.