जखमी माशाची शुश्रूषा

काचेच्या टाकींत मासे पाळण्याचा छंद आतां पुष्कळ घरांत दिसतो. अशा घरीं केव्हां तरी हा प्रसंग येतोच कीं, कालपर्यंत डौलानें फिरणारा मासा कोपऱ्यांत अंग चोरून राहतो. त्याचे पर कुरतडलेले आणि कांहीं खवले गळलेले असतात. अशा वेळीं काय करावें, आणि तें कां करावें, याचा विचार या पाठांत करूं.

उदाहरणादाखल एंजल आणि टायगर बार्ब हे दोन मासे घ्या. एंजल हा दक्षिण अमेरिकेंतील अमेझॉनच्या खोऱ्यांतला. संथ चालीचा व लांब परांचा. बार्ब हा सुमात्रा बेटांतला. चपळ व कळपानें राहणारा. कळपांत एकमेकांस डिवचणें हा बार्बाचा स्वभावच आहे; परंतु टाकींत दोनतीनच बार्ब असले, म्हणजे ही खोड शेजाऱ्याच्या लांब परांवर वळते. यास्तव बार्बास दुष्ट म्हणणें न्याय्य नव्हे. ज्यांच्या मायदेशांमध्यें महासागर पसरला आहे, त्यांस एका टाकींत आपणच आणिलें. शिवाय नदींत हरलेला मासा दूर पळून जातो. टाकींत त्यास पळावयास जागा नसते.

म्हणून पहिला उपाय औषध नव्हे, तर त्यास वेगळें करणें. वीस-पंचवीस लिटरांच्या दुसऱ्या टाकींत जुन्या टाकीचेंच पाणी भरून त्यांत मासा हलक्या हातानें सोडावा. उष्णता २६ ते २८ अंश सेंटिग्रेड असावी. उजेड मंद ठेवावा आणि लपावयास आडोसा द्यावा. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. जुन्या टाकींतील सूक्ष्म जंतु त्या विषाचें रूपांतर करतात; नव्या टाकींत ते नसतात. म्हणून जुन्या गाळणीचा एक स्पंज तेथें ठेवावा, आणि रोज सुमारें एकतृतीयांश पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन आधीं नाहींसा करावा. अन्न थोडें द्यावें व उरलेलें लागलेंच काढून टाकावें.

मिठाचा उपयोग कां होतो, तेंहि समजून घ्या. गोड्या पाण्यांतील माशाचें रक्त भोंवतालच्या पाण्यापेक्षां खारट असतें. त्यामुळें पाणी सतत त्याच्या अंगांत शिरूं पाहतें. त्वचा व तीवरील बुळबुळीत थर त्यास अडवितात. जखमेनें हा बांध फुटतो, आणि आंत शिरलेलें पाणी बाहेर टाकण्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. लिटरास एक ग्रॅम साधें मीठ विरघळवून हळूहळू घातल्यास तो भार कांहींसा हलका होतो. पाणी बदलतांना जेवढें पाणी नवें, तेवढ्यापुरतेंच मीठ घालावें. मीठ वाफेबरोबर उडून जात नाहीं.

परांचें मूळ शाबूत असेल, तर पर पुन्हां वाढतात. कडेस पारदर्शक किनार दिसूं लागली, तर तें बरें होण्याचें चिन्ह समजावें. पूर्ण वाढीस मात्र कित्येक आठवडे लागतात. जखमेवर कापसासारखे पांढरे तंतु दिसल्यास ती बुरशी होय. कडा लाल होऊन पर झडत चालल्यास जंतूंचा संसर्ग झाला असें जाणून जाणत्या पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. अंदाजानें औषधें ओतूं नयेत.

मासा बरा झाला म्हणजे काम संपलें असें नाहीं. त्याच टाकींत, त्याच शेजाऱ्यांत त्यास परत सोडणें म्हणजे सारी शुश्रूषा वायां घालविणें होय. उत्तम मार्ग हाच कीं, एंजल व बार्ब कायमचे वेगळे ठेवावे, आणि बार्ब निदान सहा-आठ तरी एकत्र असावे, म्हणजे त्यांची चढाओढ आपसांतच राहते. मासे विकत घेण्यापूर्वीं त्यांचे स्वभाव विचारून घेतले, तर हा प्रसंगच सहसा येत नाहीं. मुक्या जिवास आपण भिंतींआड ठेवितों, तेव्हां त्याचा शेजार निवडण्याची जबाबदारीहि आपण पत्करलेली असते. ती ओळखणें हीच खरी भूतदया.