दारू सोडवायला न्यायचं कुठं?

तासगावहून सांगलीला जा, नाहीतर कराडहून साताऱ्याला, एक जाहिरात वाटेत भेटतेच. स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, पानटपरीच्या मागच्या पत्र्यावर: ‘दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत. शंभर टक्के गॅरंटी.’ खाली मोबाईल नंबर. ज्यांच्या घरात कुणी पीत नाही, त्यांची त्यावर नजरही पडत नाही. आमच्याकडं माझे दीर प्यायचे, त्यामुळं घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असा एकेक नंबर होता.

भाऊजींची बेदाण्याची शेड. हंगामात व्यापारी यायचे, सौदा झाला की बसणं व्हायचं. पुढं हंगाम संपला तरी बसणं संपेना, आणि शेवटी सकाळी तोंड धुण्याआधी नाइन्टी लागायला लागली. ही सकाळची नाइन्टी घरच्यांनी नीट ओळखावी. रात्री पिऊन आरडाओरडा करणारा माणूस आपल्याला जास्त बिघडलेला वाटतो, पण डॉक्टर आधी सकाळचं विचारतात. चहाची बशी धरताना हात लटपटतो आणि दोन घोट पोटात गेले की थांबतो, म्हणजे शरीर दारूवर चालायला लागलेलं असतं. अशा माणसाची दारू एका दिवसात तोडणं धोक्याचं, हे आमच्याकडं कुणालाच माहीत नव्हतं. ‘चार दिवस कोंडा, आपोआप सुटतंय’ हे मात्र भावकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

वडीलधाऱ्यांनी एका केंद्राला फोन लावला. दुसऱ्या जिल्ह्यातलं होतं, म्हणजे गावात बोभाटा नको. ‘तुम्ही काही करू नका, आमची माणसं येऊन घेऊन जातील,’ असं तिकडून सांगितलं. पहाटे गाडी आली, चौघांनी भाऊजींना झोपेतून उचललं. महिन्याचे पैसे आगाऊ घेतले, पावती ‘नंतर पाठवतो’ म्हणाले. मी तेव्हा माहेरी होते. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला: पेशंट वेड्यासारखं करतोय, घेऊन जा.

मी आणि आमचे हे गेलो. लांबलचक खोली, ओळीनं गाद्या. भाऊजी एका गादीवर बसून गोधडीवरनं काहीतरी वेचत होते, चिमटीत धरायचं आणि बाजूला टाकायचं. कपाळावरनं घाम निथळत होता. मला ओळखलं, पण म्हणाले, ‘वहिनी, रॅकवर मुंग्या झाल्यात बघा, बेदाणा झाकायला सांगा पोरांना.’ आम्ही होतो शेडपासून शंभरेक किलोमीटर लांब. तिथं डॉक्टर नव्हते. आठवड्यातनं एकदा येतात म्हणे. देखरेखीला होता तो स्वतः दारू सोडलेला माणूस, मनानं वाईट नसावा, पण रात्री फिट आली तेव्हा त्यानं नाकाला कांदा लावला होता.

पुढं दवाखान्यात डॉक्टरांनी जे समजावलं, ते मी शाळेत मुलांना शिकवते तसं सांगते, कारण यानंच जीव वाचतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की पहिल्या दिवशीच हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्यापासून चौथ्या दिवसापर्यंत केव्हाही भास सुरू होतात, दिवस-रात्र कळेनासं होतं, ताप चढतो, नाडी धावते. यात माणूस दगावतो. लोक म्हणतात दारू सोडली म्हणून मेला. खरं तर उपचाराशिवाय सोडली म्हणून गेलेला असतो. यावर गोळ्या आहेत, त्या चढ्या मात्रेत सुरू करून काही दिवसांत उतरवत आणतात. जोडीला ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलं नसतं आणि त्यावाचून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून नुसती ग्लुकोजची बाटली चढवणार असतील, तर माणूस रोज पिणारा आहे हे आधी सांगा. लाजून लपवू नका. आणि फिट आलीच तर १०८ लावा. केंद्राचा नंबर नंतर.

म्हणून केंद्र शोधण्याच्या आधी दवाखाना शोधा. या दोन जिल्ह्यांत तो फार लांब नाही. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडचं कृष्णा हॉस्पिटल. अशा ठिकाणी मानसोपचार विभाग कुठंय ते विचारा. तो शब्द ऐकून घरची मंडळी दचकतात. ‘दारूडा आहे, वेडा नाही,’ असं आमच्या सासूबाईसुद्धा म्हणाल्या होत्या. पण दारूचे डॉक्टर म्हणजे मानसोपचारतज्ज्ञच, आणि व्यसन हा आजार आहे हे कायद्यानंही मानलंय. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळं होणारे आजार धरलेले आहेत. जाताना एका कागदावर लिहून न्या: रोज किती, किती वर्षं, शेवटची केव्हा घेतली, पूर्वी फिट आली होती का, कावीळ झाली होती का, साखरेच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू आहेत का. पेशंट स्वतः निम्मंच सांगतो.

अंगातली दारू उतरली की घरच्यांना वाटतं झालं काम. खरं काम तिथून सुरू होतं, आणि त्यासाठी केंद्र. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या ‘परिवर्तन’चं व्यसनमुक्ती केंद्र आहे. दाभोलकरांना लोक अंधश्रद्धेच्या कामामुळं ओळखतात, पण मिरजेत डॉक्टरकी शिकलेल्या या माणसानं व्यसनाचं कामही आपल्याच गावात उभं केलं. त्यांचे चिरंजीव डॉ. हमीद दाभोलकर मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि हे काम पुढं नेतात. पुण्याचं ‘मुक्तांगण’ आपल्याकडच्या पुष्कळ घरांनी पाहिलेलं आहे. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी हे केंद्र उभं केलं. पाच आठवड्यांचा मुक्काम, गटात बोलणं, योगासनं, कामं वाटून घेणं, आणि बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट. बाई स्वतः पीत असेल तर तिच्यासाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. हे मी मुद्दाम लिहितेय. आपल्याकडं बाईच्या व्यसनाबद्दल घरचेच तोंड उघडत नाहीत.

जवळपास काय आहे हे कळत नसेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. तिथं सरकारी अनुदानावर चालणारी केंद्रंही विचारता येतात. मन फारच सैरभैर असेल, जीव द्यायची भाषा चालली असेल, तर टेलिमानस, १४४१६.

पण नंबर कुणाचाही असो, फोनवर आधी आपण प्रश्न विचारायचे. तिकडचा माणूस पहिल्यांदा पैशाचं बोलतो की पेशंटचं, यावरच निम्मं कळतं. मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी आहे का, नंबर द्या म्हणावं. डॉक्टर कोण, राहतात की येतात, आणि रात्री दोनला फिट आली तर कुठल्या दवाखान्यात नेता? यावर ‘आमच्याकडं तसं काही होत नाही’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवावा. सुरुवातीचे काही दिवस भेटू देत नाहीत, ते चांगल्या ठिकाणीही असतं. पण महिनाभर आवाजही ऐकवायचा नाही म्हटलं की समजून जायचं. साखळीनं बांधणं तर कायद्यानंच बंद आहे. पेशंटची स्वतःची तयारी नसताना दाखल करायचं झालं, तर त्यालाही रीत आहे: घरच्यांचा लेखी अर्ज, तज्ज्ञांची तपासणी, आणि मुदत तीस दिवसांपर्यंत. पहाटे गाडी पाठवून माणूस उचलणं त्या रीतीत कुठंच बसत नाही. आणि गॅरंटीचं म्हणाल, तर साखरेच्या आजाराची गॅरंटी कुठला डॉक्टर देतो?

आता त्या ‘नकळत’ जाहिरातीचं. त्यातल्या कितीएक पुड्यांत काय असतं हे देव जाणे. पण दारू सोडवायचं एक खरं औषधही असंच चोरून चहात, भाजीत घातलं जातं, डायसल्फिराम. ते पोटात असताना दारू गेली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो, जीवसुद्धा जाऊ शकतो. म्हणून ते फक्त पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून द्यायचं असतं. आमच्या भावकीतल्या एका बाईनं शेजारणीकडनं गोळ्या आणून आमटीत टाकल्या. नवरा दोन दिवस अतिदक्षता विभागात होता. त्याला कळलं तेव्हापासून तो घरात जेवेना. हॉटेलात जेवायचा, आणि हॉटेलात काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तुळशीच्या माळेबद्दलही मला विचारतात. माझा विरोध नाही. बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघामुळं साताऱ्याकडच्या कितीतरी पोरांनी गळ्यात माळ घातली आणि ती पाळली. वारीची संगत ही संगतच आहे. फक्त हात लटपटणाऱ्याला आधी दवाखाना, मग माळ. आणि गावात बाटली आडवी करायला बायका उभ्या राहतात त्याचंही मला कौतुक आहे, पण दुकान बंद झाल्या दिवशी गावातले रोज पिणारे काय करणार, याची तयारी त्या सभेत कुणी करत नाही.

दारू सोडून दुसरं काही असेल तर वाट थोडी वेगळी. मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत मेफेड्रोनचा कारखाना सापडला, जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे इथं. म्हणजे ‘एमडी’ ही मुंबईची गोष्ट राहिली नाही. याच्या उतारात हात कापत नाहीत, त्यामुळं घरच्यांना काही कळत नाही. पोरगं दिवसच्या दिवस झोपतं, मग एकदम खचतं, आणि त्या खचण्यात जीवाचं बरंवाईट करून घेण्याची भीती असते. त्याला एकटं ठेवू नका. पोलिसांच्या भीतीनं आईबाप दवाखान्याची पायरी चढत नाहीत. पण अंमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये, आपणहून उपचाराला आलेल्या व्यसनीला, सेवनाच्या किंवा थोड्याशा मालाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. विकणाऱ्याला ती नाही. केस आधीच झाली असेल तर वकिलाला हे कलम दाखवा.

भाऊजी सुधारले का, हे सगळेच विचारतात. सुधारले, घसरले, परत सुधारले. घसरले ते द्राक्षाची पट्टी हातात आली त्या आठवड्यात. समुपदेशकांना हे नवीन नव्हतं. ऊसवाल्याचं बिल, द्राक्षवाल्याची पट्टी, नोकरदाराचा बोनस, फौजेतून आलेल्याची कॅन्टीनची रम, ज्याचा त्याचा घसरायचा मुहूर्त ठरलेला असतो म्हणाले. आता पट्टी जावेच्या खात्यावर येते, आणि सौद्याला पुतण्या जातो. लग्नात कुणी आग्रह केला तर भाऊजी तत्त्वज्ञान सांगत नाहीत, ‘गोळ्या चालू आहेत’ म्हणतात. आठवड्यातनं एकदा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला जातात. तिथं फी नाही, आडनाव विचारत नाहीत, उपदेश नाही, एकेकजण उठून आपलं सांगतो. घरच्यांसाठी तशीच अल-अ‍ॅनॉनची सभा असते.

माझी जाऊ आधी तिकडं जायला तयार नव्हती. ‘पितात ते, आणि रांगेत मी बसू?’ म्हणायची. आता तिलाच बायकांचे फोन येतात. बहुतेकींची तक्रार एकच, मालक यायला तयार नाहीत. ती त्यांना सांगते, नसू देत, तुम्ही एकट्या जा. समुपदेशक घरच्यांशी एकट्यानंही बोलतात. कर्ज फेडायचं की नाही, उलटी कुणी पुसायची, शेडवर ‘ताप आलाय’ असं खोटं सांगायचं का, पोरांपुढं काय बोलायचं, याची चर्चा पिणाऱ्याशिवायच जास्त नीट होते. तिच्या सांगण्यावरनं आमच्या गल्लीतली एक जण गेल्या सोमवारी मिरजेला गेली. नवऱ्याला काही बोलली नाही. केसपेपर कुणाच्या नावानं काढायचा, एवढं मात्र तिनं खिडकीपाशी उभं राहून फोन करून विचारलं.