तणाने स्वभाव बदलला की मोजमाप बदलले?
परकीय तणांच्या प्रसाराचे नकाशे कसे वाचावेत

गाजरगवत सर्वांच्या परिचयाचे आहे. मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा उष्ण प्रदेश हे त्याचे मूळ स्थान होय. भारतात १९५५ साली ते पुणे येथे आढळले आणि पुढे देशभर पसरले. अशी परकीय वनस्पती वा कीड देशात शिरली म्हणजे शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "ही आमच्या गावी येईल काय?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी शास्त्रज्ञ संभाव्य प्रसाराचे नकाशे तयार करतात. हे नकाशे कसे तयार होतात व त्यांवर कितपत विसंबावे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

नकाशा कसा तयार होतो

प्रत्येक वनस्पतीस उष्णता, थंडी, पाऊस व ओलावा यांच्या ठराविक मर्यादेतच वाढता येते. या मर्यादेस आपण या लेखापुरते 'जीवनकक्षा' म्हणू. मूळ देशात वनस्पती जेथे जेथे आढळते, तेथील हवामानाचे आकडे घेऊन गणिताने तिची जीवनकक्षा आखतात. नंतर तसेच हवामान आपल्या देशात कोठे आहे हे शोधून तो भाग नकाशावर रंगवितात.

पुष्कळदा असे होते की, न रंगविलेल्या भागातही तण उगवते. अशा वेळी दोन शक्यता असतात. एक, तणाने नव्या देशात आपली जीवनकक्षा खरोखरच बदलली. दुसरी, तण होते तसेच आहे. आपली मोजण्याची रीत अपुरी होती. या दोहोंतील भेद ओळखणे सोपे नाही.

एक बोधप्रद उदाहरण

दक्षिण अमेरिकेतील लाल आगमुंगी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मोबील बंदरात उतरली व दक्षिणेकडील राज्यांत पसरली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिचा तेथील प्रसार मूळ प्रदेशातील हवामानाशी जुळत नाही असे दिसले. २००८ साली दुसऱ्या अभ्यासकांनी तोच प्रश्न हवामानाच्या निरनिराळ्या माहितीसंचांवर तपासला. तेव्हा निवडलेल्या संचाप्रमाणे उत्तर बदलते, असे आढळून आले. मुंगी तीच, प्रदेश तेच. फरक होता तो मोजमापाचा.

उत्तर का बदलते

१. हवामानाच्या घटकांची निवड : केवळ वर्षाचा एकूण पाऊस धरला तर एक कक्षा मिळते, कोरड्या महिन्यांतील ओलावा धरला तर दुसरी मिळते. घटक फार घेतले तर कक्षा अकारण अरुंद होते आणि किरकोळ फरकही मोठा भासतो.

२. तुलनेचे क्षेत्र : जे हवामान मूळ देशात मुळीच नाही, त्यात ती वनस्पती जगेल की नाही हे तेथील नोंदींवरून कळणार नाही. म्हणून दोन्ही देशांत समान असलेल्या हवामानापुरतीच तुलना करणे युक्त होय. २०१२ साली ५० परकीय वनस्पतींचा अशा रीतीने अभ्यास झाला. नव्या प्रदेशातील प्रसाराचा १० टक्क्यांहून अधिक भाग मूळ कक्षेबाहेर गेला आहे, अशा जाती त्यांत १५ टक्क्यांहूनही कमी निघाल्या. खरा बदल होतच नाही असे नव्हे. परंतु तो वाटतो तितका वारंवार होत नाही.

३. नोंदींतील उणिवा : बहुतेक नोंदी रस्त्यालगतच्या व शहरांजवळच्या असतात. दूरच्या रानात कोणी पाहिलेच नसेल, तर नकाशा ते रान मोकळे समजतो.

४. काळ : तण नुकतेच आले असेल तर ते सर्व योग्य जागी पोहोचलेले नसते. रिकामी जागा म्हणजे अयोग्य जागा नव्हे.

५. मनुष्याची कृती : पावसाच्या आकड्यांवर आखलेल्या नकाशास पाटाचे पाणी दिसत नाही. अवर्षणप्रवण तालुक्यात पाटाच्या कडेने गाजरगवत माजले, तर त्याने स्वभाव बदलला असे म्हणण्याचे कारण नाही. त्याला लागणारा ओलावा आपणच पुरविला आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

(अ) नवे तण आढळताच गाव, गट क्रमांक, तारीख आणि जागेचा प्रकार, म्हणजे बागायत, जिरायत, पडीक, पाटकड किंवा रस्ता, यांची नोंद करावी.

(आ) जेथे शोधूनही तण सापडले नाही, तेथे "पाहिले, आढळले नाही" असे अवश्य लिहावे. अशी नोंदही तितकीच मोलाची आहे.

(इ) ओळख पक्की नसल्यास नमुना कृषि विज्ञान केंद्रास दाखवावा. चुकीच्या ओळखीने साराच हिशेब चुकतो.

(ई) "आमचा तालुका नकाशावर कोरा आहे" म्हणून गाफील राहू नये. गाजरगवताचे एक झाड हजारो बिया देते. ते फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. त्याच्या स्पर्शाने पुष्कळांच्या अंगावर पुरळ उठते.

नकाशा हा अंदाज आहे, अभयपत्र नव्हे. तो कोणत्या माहितीवर आखला हे विचारूनच त्याचा उपयोग करावा. बांधावर केलेली प्रत्येक अचूक नोंद पुढील नकाशा अधिक विश्वसनीय करते. आणि पहिली दहा झाडे वेळीच दिसली, तर पुढील अनेक वर्षांची खुरपणी वाचते.