पिल्लू आणलंस, आता ऐक

सोन्या, फोटो पाहिला. कान मोठे, पंजे त्याहून मोठे. गडी दांडगा होणार. तू राहतोस सोसायटीत, तेव्हा लाड सुरू होण्याआधी आत्याचं थोडं ऐकून ठेव.

1. "आमचा चावत नाही हो" हे वाक्य आजपासून बंद – घाबरला, दुखलं-खुपलं की कुठलाही कुत्रा चावतो.

2. लिफ्टमध्ये त्याला कोपऱ्यात उभा कर, पट्टा आखूड धर आणि मध्ये तू राहा – दार उघडतं तेव्हा समोर भाजीच्या पिशव्या घेतलेल्या काकू त्याच्या नाकासमोरच असतात.

3. बेल वाजली की आधी तो आतल्या खोलीत, मग दाराची कडी – कुरिअरवाला तुझ्यासाठी पार्सल, त्याच्यासाठी घुसखोर.

4. गाडीचं दारही तसंच. मुंबईत 2010 साली मालमत्तेवरून बाचाबाची चालली होती, गाडीत रॉटवायलर धडपडत होता. नको म्हणत असताना मालकाने दार उघडलं आणि कुत्रा 72 वर्षांच्या गृहस्थांना चावला. 2023 मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली – दाराला क्षण, कोर्टाला वर्षं.

5. भारतीय न्याय संहितेचं 291 कलम एकदा वाचून ठेव – पाळलेल्या जनावराबाबत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुखापतीचं कलम वेगळं लागतं आणि औषधपाण्याच्या भरपाईचा दावा त्याहून वेगळा. ज्याचं शेपूट, त्याची नोटीस.

6. तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर. महापालिकेचा परवानाही काढ – कार्डाचा फोटो फोनमध्ये असला की भांडण अर्ध्यावर येतं.

7. खाताना, हाडूक चघळताना, झोपलेला असताना लहान मुलाला त्याच्यापाशी एकटं सोडू नकोस, पाच मिनिटंही – पोराचं तोंड बरोब्बर त्याच्या तोंडाच्या उंचीला येतं.

8. एवढं करूनही चावलाच, तर साबण आधी, सबब नंतर. जखम वाहत्या नळाखाली धर आणि साबण लावून पंधरा मिनिटं धू, घड्याळ लावून – विषाणू सुरुवातीला जखमेतच असतो, तिथेच बराचसा धुऊन निघतो. शेजारची मंडळी मिरची, हळद, चुना घेऊन धावतील. त्यांना प्रेमाने चहा करायला पाठव.

9. मग त्याच दिवशी दवाखाना, "आमच्या कुत्र्याला लस दिलीय" म्हणून कुणाला थांबवू नकोस – रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. रक्त आलं असेल तर डॉक्टर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही देतात, कारण लशीचा जोर चढायला दिवस लागतात. टाक्यांची घाई तू करू नकोस.

10. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच गेली, हे ज्यांना चावला त्यांना आधी सांग – त्या भीतीपायी माणसं अजून टाळाटाळ करतात. आता दंडात घेतात. स्नायूत द्यायची असेल तर पहिली लगेच, तो दिवस शून्य धरून पुढच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. तारखा तुझ्याही फोनमध्ये लाव.

11. कुत्र्याला गावी धाडायची किंवा कुणाला देऊन टाकायची गडबड नको. दहा दिवस घरीच बांध आणि व्हेटला दाखव – तो ठणठणीत राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. पळवलास तर चावलेल्या माणसाची झोपही पळवलीस.

12. दवाखान्यात स्वतः जा, बिल भर, पावत्यांची एक प्रत आपल्याकडे ठेव. "त्यांनीच डिवचलं" हे ग्रुपवर लिहू नकोस – रागात टाइप केलेलं वकिलाला फार उपयोगी पडतं, बहुतेक समोरच्याच्या.

13. आताच त्याला तोंडाच्या जाळीची सवय लाव, आत बिस्किटाचा तुकडा ठेवून – मोठेपणी व्हेटकडे पहिल्यांदा घालायला गेलास तर तो ऐकणार नाही.

14. नाव अजून ठरलं नसेल तर टायगर नको – जिन्यात "टायगर, चल!" ओरडलास की शेजारच्या आजी कठडा धरून उभ्याच राहतील. लाडू ठेव.