पटवून देणारे ८५ निबंध

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण राज्यघटनेची कलमे वाचतो. पण घटना लिहून भागत नाही, ती लोकांना पटावीही लागते. हे काम लेखणीने कसे झाले, याचा एक नमुना आज पाहू.

१७८७ साली अमेरिकेत १३ राज्ये होती. त्यांच्या मध्यवर्ती सत्तेला कर बसवण्याचाही अधिकार नव्हता. पैशांसाठी तिला राज्यांच्या तोंडाकडे पाहावे लागे. त्यामुळे नवी घटना तयार झाली आणि १७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फिया येथे तिच्यावर सह्या झाल्या. मात्र किमान ९ राज्यांची मान्यता मिळाल्याशिवाय ती अमलात येणार नव्हती.

न्यूयॉर्क राज्यात विरोध मोठा होता. तेथील वृत्तपत्रांतून अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने ८५ निबंध लिहिले. पहिला निबंध २७ ऑक्टोबर १७८७ रोजी आला.

या निबंधांची रीत शिकण्यासारखी आहे. विरोधकांचा आक्षेप ते टाळत नाहीत. आधी तो मांडतात, मग उत्तर देतात. ‘एवढ्या मोठ्या देशात प्रजासत्ताक टिकणार नाही’, असा एक आक्षेप होता. मॅडिसनने १० व्या निबंधात तो उलटवला. लहान राज्यात एखादा गट सहज बहुमत मिळवून इतरांना दडपतो. मोठ्या देशात गटच इतके असतात, की एकाला सर्वांवर कुरघोडी करणे अवघड जाते.

मग निबंधांनी बाजी मारली का? लगेच नाही. १७८८ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेवर विरोधकांचे ४६ आणि समर्थकांचे १९ प्रतिनिधी निवडून आले. पुढे इतर राज्यांच्या मान्यतेच्या बातम्या आल्या, घटनेत दुरुस्त्या सुचवण्याचे ठरले, आणि २६ जुलै १७८८ रोजी ३० विरुद्ध २७ मतांनी घटना मान्य झाली.

विरोधकांची एक मागणी होती: नागरिकांचे हक्क घटनेत लिहा. ८४ व्या निबंधात हॅमिल्टनने ती अनावश्यक ठरवली होती. पण १७८९ मध्ये मॅडिसननेच हक्कांच्या दुरुस्त्या मांडल्या आणि १७९१ मध्ये १० दुरुस्त्या घटनेत आल्या. वाद हरलेल्यांचेही म्हणणे असे कामी आले.

भारतात घटनेवर राज्याराज्यांतून मान्यता घेतली नाही. ती २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीने स्वीकारली. तरी मसुदा आधी लोकांपुढे ठेवला होता, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यावरील आक्षेपांना समितीत मुद्देसूद उत्तरे दिली.

स्वाध्याय : शाळेचा एखादा नियम निवडा. त्याविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा प्रथम प्रामाणिकपणे लिहा आणि मगच नियमाची बाजू मांडा. तो मुद्दा खोडता आला नाही, तर नियमात कोणती दुरुस्ती हवी, तेही लिहा. पालकांनीही घरी ही चर्चा जरूर करावी.