मत आधी, वाचन मागून

प्रश्न : रेडिटवर पुण्याचा जो समूह आहे, तिथे मी वेताळ टेकडीवरून न्यायच्या बालभारती–पौड फाटा रस्त्याविषयीच्या एका अभ्यासपूर्ण लेखाची लिंक टाकली. दिवसभरात जेमतेम चार-पाच अपव्होट मिळाले. त्याच दिवशी कुणीतरी ढगांत बुडालेल्या सिंहगडाचा फोटो टाकला, त्याला शेकड्यांनी मतं. पुणेकरांना टेकडीचं काहीच पडलेलं नाही का? लोक मत देतात तरी कशावर?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : टेकडीचं काही पडलेलं नसतं, तर एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी एवढे पुणेकर भर उन्हाळ्यात रस्त्यावर उतरले नसते. त्यामुळे चार-पाच मतांवरून शहराचं मन ओळखायला जाऊ नका. तो आकडा दुसरंच काहीतरी सांगतो.

फोटोला मत द्यायचं तर तो दिसला की पुरे, अंगठा लगेच वरच्या बाणावर, म्हणजे अपव्होटवर जातो. लेखाचं तसं नाही. लिंक उघडायची, दहा-पंधरा मिनिटं वाचायचं, मग रेडिटवर परत यायचं, तीच नोंद शोधायची आणि बाण दाबायचा. ज्याने तुमचा लेख खरोखर शेवटपर्यंत वाचला, तो बहुधा परत आलाच नाही. लेखातून तो नकाशाकडे वळला असेल, नाहीतर घरच्यांशी त्यावर बोलत बसला असेल. म्हणजे ज्याच्या मताला सर्वांत जास्त किंमत, त्याचंच मत पडण्याची शक्यता सर्वांत कमी. मला ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत दुखरी जागा वाटते.

मग मतं देतं कोण? अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातल्या संशोधकांनी रेडिट वापरणाऱ्या ३०९ जणांच्या संमतीने त्यांच्या ब्राउझरमधल्या हालचाली वर्षभर नोंदवल्या आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या नोंदींवर या लोकांनी मत दिलं, त्यांपैकी ७३ टक्के नोंदी त्यांनी आधी उघडूनही पाहिल्या नव्हत्या. मत गेलं ते मथळ्यावर. टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमालेला टाळ्या पडतात त्या वक्त्याचं ऐकून. रेडिटवर त्या बाहेरचा फलक वाचूनच पडतात. त्यामुळे ‘टेकडी वाचवा’ असा मथळा असता, तर आतला लेख सुमार असूनही मतं मिळाली असती.

दुसरा भाग वेळेचा. रेडिटने २००८ मध्ये आपला प्रोग्राम सर्वांना पाहण्यासाठी खुला केला होता, त्यात नोंदींचा क्रम लावण्याचं सूत्र होतं. त्या सूत्रात पहिल्या १० मतांनी नोंद जितकी वर सरकते, तितकंच पुन्हा सरकायला एकूण १०० मतं लागतात, त्यापुढच्या टप्प्याला १०००. शिवाय साडेबारा तास उशिरा आलेली नोंद १० मतांवरच जुन्या नोंदीच्या १०० मतांची बरोबरी करते. आज पडद्यामागे काय काय बदललं असेल ते असो, पण नव्याला झुकतं माप आणि सुरुवातीच्या मतांना मोठं वजन, हा गाभा समजून घ्यायला ते सूत्र पुरेसं आहे. फोटोला पहिल्या अर्ध्या तासात दहा मतं पडतात. तुमचा लेख त्या अर्ध्या तासात कुणाचा वाचूनही झालेला नसतो, आणि तो वाचून होईपर्यंत नोंद खाली गेलेली असते.

पहिल्या मताचा परिणाम माणसांच्या मनावरही होतो. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी बातम्यांच्या लिंका देणाऱ्या एका संकेतस्थळावर पाच महिने प्रयोग केला. तिथल्या १,०१,२८१ प्रतिक्रियांपैकी काहींना, कसलीही निवड न करता, जन्मतःच एक अनुकूल मत चिकटवून दिलं. ‘सायन्स’ नियतकालिकात २०१३ मध्ये निकाल छापून आला. अशा प्रतिक्रियेला पुढच्या पहिल्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि तिचे अंतिम सरासरी गुण २५ टक्क्यांनी जास्त भरले. केवळ एका खोट्या मताने! उलट, मुद्दाम चिकटवलेलं प्रतिकूल मत पुढच्या वाचकांनी बऱ्याच अंशी भरून काढलं. आणखी एक लक्षात घेण्यासारखं : ही मेंढरचाल राजकारण, समाज-संस्कृती आणि व्यवसाय या विषयांत दिसली. तुमचा रस्त्याचा वाद त्यातलाच.

खालच्या बाणाचं काय? रेडिटच्या शिष्टाचारात स्पष्ट म्हटलंय की चर्चेत भर न घालणाऱ्या मजकुरासाठी तो वापरा, नुसतं पटलं नाही म्हणून नको. प्रत्यक्षात ‘पटलं नाही’ हाच त्याचा रोजचा उपयोग. हेल्मेटसक्तीच्या बाजूने किंवा बीआरटीच्या, म्हणजे बससाठीच्या राखीव मार्गाच्या, बाजूने दोन शांत वाक्यं लिहून पाहा, म्हणजे कळेल. आणि अशा प्रतिकूल मतांनी माणूस सुधारतो का? स्टॅनफर्डच्या जस्टिन चेंग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चार संकेतस्थळांवरच्या प्रतिक्रिया तपासल्या. प्रतिकूल मतं मिळालेले लोक गप्प बसले नाहीत. ते अधिक लिहू लागले, आधीपेक्षा वाईट लिहू लागले आणि इतरांनाही खाली ओढू लागले.

मराठीत यावर एक चांगली वाट काढली गेली आहे, ती पुण्यातल्या वाचकांनी तरी ठाऊक करून घ्यावी. ‘ऐसी अक्षरे’ या संकेतस्थळावर प्रतिसादाला नुसता वर-खाली बाण नाही, श्रेणी देता येते : मार्मिक, माहितीपूर्ण, रोचक, विनोदी, खवचट, अवांतर, निरर्थक. ‘स्लॅशडॉट’ या जुन्या इंग्रजी संकेतस्थळावर अशीच पद्धत आहे. मला ही पद्धत बाणापेक्षा कितीतरी सरस वाटते. ‘माहितीपूर्ण’ म्हणायला माहिती वाचावी लागते. शिवाय एखादं मत न पटूनही ते मार्मिक आहे, असं म्हणायची सोय राहते. बाणात ती नाही.

आता तुमच्या लेखाचं. रेडिटवर एकदा टाकलेला मथळा बदलता येत नाही, म्हणून तो आधीच नीट घडवा. लेखातला ठोस प्रश्न त्यात आणा : रस्त्याने कुणाची किती मिनिटं वाचणार, झाडं किती जाणार, टेकडीवरून मुरणाऱ्या पाण्याचं काय होणार. लिंकखाली पहिली प्रतिक्रिया तुम्हीच लिहा आणि लेखाचं सार चार ओळींत द्या, म्हणजे उघडायला वेळ नसलेल्यालाही निदान चार ओळी वाचून मत देता येईल. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘जरा अपव्होट करा’ असा निरोप मात्र पाठवू नका. मतं गोळा करणं रेडिटच्या नियमांत बसत नाही आणि त्याने नोंद, प्रसंगी खातंही जातं.

आणि एक विनंती तुम्हाला, तशीच ही प्रश्नोत्तरं वाचणाऱ्या सगळ्यांना. आपण बहुतेक जण वर तरंगत आलेलंच पाहतो. दिवसातून एकदा रेडिटवरचा ‘न्यू’ हा नव्या नोंदींचा विभाग उघडा, तिथली एखादी लिंक पूर्ण वाचा आणि परत येऊन मत द्या. पहिल्या दहा मतांचं वजन किती असतं, ते आता तुम्हाला माहीत आहे.